डब्यावरचे ५० वॅट

(दृश्य: लाकडी टेबल, त्यावर पत्र्याचा जुना डबा. एक हात झाकण उघडतो.)

बिस्किटांच्या या जुन्या डब्यात स्पीकरच्या जळलेल्या कॉइल आहेत. तार काळी पडलेली, कागदी नळी करपलेली. नाकाजवळ नेलं तर जळका वास अजूनही येतो.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथून थोड्याच अंतरावर हे दुकान आहे. गाडीत डेक (गाणी वाजवणारा मुख्य संच), अ‍ॅम्प्लिफायर (आवाजाची ताकद वाढवणारी पेटी), वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) बसवून देण्याचं काम. चालवणाऱ्या मिस्त्रींना सगळे आबा म्हणतात. जळलेली कॉइल ते फेकत नाहीत. नवं गिऱ्हाईक आलं की आधी हा डबा त्याच्यापुढे ठेवतात.

(दृश्य: दुकानासमोर थांबलेली पिकअप, हौद्यात मिरचीच्या रिकाम्या गोण्या.)

आज सकाळी नंदुरबारहून मिरची घेऊन आलेली ही पिकअप. माल उतरवून पोरगा थेट इथं आला. दारातच अहिराणीत म्हणाला, "आबा, आवाज फाटी राहिना. डबावर त ५० वॅट लिखेल शे!"

आबा म्हणाले, "डबा राहू दे भाऊ. मीटर दख."

या ५० वॅटचा हिशेब आधी करू, कारण डेकच्या खोक्यावरचा (पोरगा म्हणतो तो डबा हाच) आकडा पूर्ण खोटा नसतो. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत दाब असतो. डेकच्या प्रत्येक चॅनेलमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवरचा दाब आलटून पालटून वर-खाली जातो, म्हणून स्पीकरला फार तर तेवढेच १४.४ व्होल्ट मिळू शकतात, दोन्ही दिशांना. १४.४ चा वर्ग करा, स्पीकरच्या विरोधानं, म्हणजे ४ ओहमनं, भागा. उत्तर ५१.८. खोक्यावरचे ५० वॅट येतात ते इथून.

पण हे कधी? लहर पूर्ण चौकोनी असेल तेव्हा. गाणं चौकोनी नसतं. स्वच्छ, गोलाईदार लहरीचं शिखर १४.४ व्होल्टवर असेल तर तिचं खरं मोल, म्हणजे आरएमएस, त्याच्या ०.७०७ पट. सव्वादहा व्होल्टलाही थोडं कमीच. त्याचे वॅट होतात २६, आणि तेही आतल्या ट्रान्झिस्टरनी काहीच खाल्लं नाही असं धरून.

(दृश्य: बॉनेट उघडं, इंजिन चालू. मीटरची टोकं बॅटरीवर.)

आबांनी बॅटरीवर मीटर लावला: १४.१. मग डेकच्या मागच्या वायरीवर लावला: १३.४. मधले ०.७ व्होल्ट बारीक वायरीत आणि सैल जोडात गेले. गाणं सुरू करण्याआधीच गेले. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नवीन स्पीकर घेण्यावर लोक पैसे घालतात आणि अर्थिंगचा गंजलेला बोल्ट कुणी घासत नाही.

पुढं आबांनी स्पीकर सोडवले. हे विसरायचं नाही. पूर्ण जोराचा एकसुरी टोन ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, दिला तर तो काही क्षणांत जातो. स्पीकरच्या जागी ४ ओहमचे जाड रेझिस्टर जोडले, कारण मोकळ्या तारांवर मोजलेला आकडा भाराखाली टिकत नाही. इक्वलायझर सरळ केला, लाऊडनेस बंद, बेस बूस्ट बंद. नुसता ६ डेसिबल बूस्टही व्होल्टेज दुप्पट करतो, मग कुठला आकडा कशाचा हे कळत नाही. पेन ड्राइव्हवर १००० हर्ट्झचा टोन, पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला.

(दृश्य: हातात मावणाऱ्या ऑसिलोस्कोपचा पडदा. हिरवी लहर.)

विजेची लहर पडद्यावर दाखवणारा हा छोटा स्कोप बॅटरीवर चालतो, आणि ते मुद्दाम आहे. डेकच्या स्पीकरची वजा तार म्हणजे गाडीची बॉडी नव्हे. भिंतीच्या सॉकेटवर चालणाऱ्या स्कोपची अर्थ क्लिप त्या तारेला लावली आणि गाडीही कुठून अर्थला जोडलेली असली, तर डेकची आयसी, म्हणजे आतली चिप, उडू शकते.

डेकवर आवाजाचा आकडा वाढत जातो. २५, ३०, ३२. लहर उंच होत जाते, डोकं गोलच. ३५ वर डोकं सपाट झालं. पाहा, चाकूनं कापल्यासारखं. आपण आवाज फाटला म्हणतो तो इथं. त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती चौकोनी लहरीत असते. कॉइलला ती उष्णता म्हणूनच सोसावी लागते. डब्यातल्या काळ्या तारांचं कारण बहुतेक वेळा हेच.

एक घर मागं आलं, ३४. इथं मीटर दाखवतो ८.६ व्होल्ट. वर्ग करून ४ नं भागलं तर साडेअठरा वॅट. या गाडीत, या वायरिंगवर, न फाटता मिळणारी ही खरी ताकद.

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग ५० कोठे गयात?"

(दृश्य: डेकच्या मागच्या लाल-पांढऱ्या आरसीए पिना.)

म्हणून तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा. त्याला सिग्नल जातो या पिनांतून. डेकच्या खोक्यावर लिहिलंय ४ व्होल्ट. आबांनी अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला ठेवूनच मोजलं. स्कोपवर ३४ पर्यंत लहर गोल, मीटरवर २.८ व्होल्ट. २.८ ला १.४१४ नं गुणा: ३.९६. छापलेले ४ व्होल्ट शिखराचे होते, आरएमएसचे नव्हते. खोक्यावर ते सांगितलेलं नाही.

इथं मीटरचीही परीक्षा घ्यावी लागते. स्वस्त मीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी केलेले असतात, आणि १००० हर्ट्झवर बरेचसे कमी दाखवतात. आबांची पद्धत साधी आहे. दोन टोन घ्यायचे, ५० चा आणि १००० चा. स्कोपवर दोन्हींची उंची सारखी आणि मीटरवर आकडे वेगळे, तर दोष मीटरचा. शिवाय जो मीटर ट्रू आरएमएस नाही, तो फक्त गोल लहरीवरच खरं बोलतो. पूर्ण चौकोनी लहरीवर तो सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो. म्हणजे आवाज फाटलेला असताना आकडा वाढलेला दिसतो आणि माणूस खूश होतो.

अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ हे मानक आलं: १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, १ टक्क्याच्या आत विकृती (लहरीतला बिघाड) ठेवून मोजलेले वॅटच छापायचे. पण ते पाळणं कंपनीच्या मर्जीवर आहे. दुकानात वस्तू घेताना खोक्यावर ते नाव (आता सीटीए-२००६) शोधावं.

(दृश्य: अ‍ॅम्प्लिफायरचा गेन नॉब, बारीक स्क्रूड्रायव्हर.)

आता गेन. बरेच जण हा दुसरा व्हॉल्यूम समजतात आणि शेवटपर्यंत फिरवतात. या नॉबजवळचे आकडे नीट वाचा: ०.२ ते ६ व्होल्ट. समोरून किती व्होल्ट येणार, ते अ‍ॅम्प्लिफायरला सांगायची ही जागा आहे. येणारे २.८ असताना नॉब ०.२ वर ठेवला, तर डेक कितीही स्वच्छ असो, लहर इथं कापली जाते. वर इंजिनची शिट्टीही मोठी होऊन ऐकू येते.

हा अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला ७५ वॅट आरएमएसचा. ७५ गुणिले ४, ३००. त्याचं वर्गमूळ १७.३. डेक ३४ वर, टोन चालू, बाहेर रेझिस्टर. आबा स्क्रूड्रायव्हर केसाएवढा फिरवतात आणि थांबतात. १६.१. १६.९. १७.३. स्कोपवर डोकं अजून गोल आहे. गोल नसतं तर ते मागं आले असते, आकडा काहीही असो.

(दृश्य: रेझिस्टर काढून स्पीकर पुन्हा जोडले जातात.)

अर्थिंगचा बोल्ट घासून झाला. वायर जाड टाकली. डेकच्या मागं आता १३.९.

पोरानं गाणं लावलं, अहिराणी लग्नगीत. संबळ स्वच्छ वाजला, गाणाऱ्या बाईचा श्वासही ऐकू आला. त्यानं सवयीनं आवाज ३४ च्या पुढं नेला. मग स्वतःच मागं आणला.

आबांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनानं तीन आकडे लिहिले, ३४, २.८, १७.३, आणि ती अ‍ॅम्प्लिफायरवर चिकटवली. उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या मिस्त्रीनं ही गाडी उघडली तर त्याला नव्यानं शोधावं लागू नये.

(दृश्य: पिकअप दोंडाईच्याच्या रस्त्याला लागते. आबा बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावतात आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडतात.)