पाण्याची लढाई माहीत आहे, भाताची?

नमस्कार मंडळी! 20 मार्च 1927. महाडचं चवदार तळं. हे आपण शाळेतच शिकलो. पण तळं त्याआधीच कागदावर खुलं झालं होतं, हे किती जणांना माहीत आहे? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, हा सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्येच मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनंही 1924 मध्ये तळं खुलं केलं. तरी त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, आणि त्याच दिवशी परिषदेला आलेल्या माणसांना मार खावा लागला.

एवढी दहशत कशाच्या जोरावर? मला विचाराल तर जमिनीच्या. कोकणात खोती होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा खोत कुळांवर मालकासारखा हक्क गाजवायचा. खळ्यावर भाताची रास पडली की आधी खोताचा वाटा निघायचा. अर्धेल असेल तर सरळ निम्मं भात गेलं! वर वेठ, म्हणजे फुकटची राबणूक, होतीच. राबणारा कुणबी असो, आगरी असो, महार असो, खोतानं जमीन काढून घेतली की चूल बंद. अशा माणसानं कुणाच्या जिवावर हक्क सांगायचा?

म्हणून मला चरीचा संप फार मोठा वाटतो. अलिबागजवळचं हे गाव. 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं, जमीन कसायचीच नाही. खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातली, भातशेती ओसाड पडली. लाकूडफाटा विकून लोकांनी दिवस काढले. एक-दोन नाही, सहा वर्षं! त्या काळात घरं चालवणाऱ्या बायकांची नावं कुठे फारशी नोंदलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबासाहेब या कुळांच्याही पाठीशी उभे राहिले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर धडकला. त्यात जात बघून कुणी रांगा लावल्या नव्हत्या. खोती रद्द करणारा कायदा यायला मात्र 1949 उजाडलं. पुढच्याच वर्षी संविधान लागू झालं. त्यातलं कलम 15 काढून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द तिथे आहेत.

तुमच्या घरी जुने फेरफार असतील तर कुळाच्या नोंदी बघा. आजी-आजोबांना खोतीचं काही आठवत असेल तर आजच विचारून घ्या, आणि गावाचं नाव खाली लिहा.