पट्टीतला धर्मादाय

आमचं घर कांद्याचं. वडील मार्केटातून आले की अडत्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, मला वाचायला लावायचे. मला शाळेत घातलं त्याचा परतावा ते असा वसूल करत. अडत, हमाली, तोलाई, आणि सगळ्यांत खाली धर्मादाय. गोणीमागे काही पैसे. मी एकदा विचारलं, "दादा, हे कुणाला दिले?" ते म्हणाले, "देवाला." पुढं देवळाच्या सभामंडपात नवी फरशी आली आणि त्या फरशीवर नाव आलं अडत्याचं. आई तिथून जाताना मुद्दाम त्या नावावर पाय देऊन जायची.

आज धर्मादाय या विषयावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत, तर मला सांगायचंय ते त्या फरशीबद्दलच. दान देणारा नेमका कोण असतो?

१९५० साली मुंबई राज्यानं सार्वजनिक विश्वस्त कायदा केला. त्याचं कलम ५४ मी कायद्याच्या अभ्यासाला लागल्यावर वाचलं आणि वाचता वाचता हसू आलं. आमची पट्टीच तिथं बसली होती! धंद्यातल्या रूढीनुसार व्यवहारातल्या कुणाकडूनही धर्मादाय म्हणून पैसे कापले, तर कापणारा त्या पैशाचा विश्वस्त ठरतो, मालक नव्हे. त्यानं हिशेब द्यायचा. गल्ला त्याचा असला तरी त्यातले हे पैसे त्याचे नाहीत.

हा झगडा जुना आहे. पुण्याचा रमणा घ्या. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांनी श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा द्यायची प्रथा चालवली. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, त्यानंतर ती पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याशी भिंतींनी बंद केलेलं आवार. माणसं आत कोंडायची आणि दारातून एकेकाला दक्षिणा देत बाहेर सोडायचं, म्हणजे कुणी दोनदा घेणार नाही. शास्त्री-पंडितांना विद्वत्तेप्रमाणे जास्त. आता यातला पैसा कुठला? चौथाईचा, सरदेशमुखीचा, शेतसाऱ्याचा. म्हणजे रयतेचा. रयतेला मात्र त्या आवारात प्रवेश नव्हता.

पेशवाई बुडाली, इंग्रजांच्या एल्फिन्स्टननं दक्षिणा एकदम बंद केली नाही, आखडती घेतली. त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आजच्या डेक्कन कॉलेजचं मूळ तिथं आहे. मग १८४९ मध्ये लोकहितवादी आणि काही तरुणांनी अर्ज केला, की या पैशातला वाटा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. सनातनी मंडळी खवळली. धर्माचा पैसा, तो भूगोल-पदार्थविज्ञानाला? पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. त्याच फंडातून जोतीराव फुल्यांच्या शाळांना दरमहा ७५ रुपये मिळू लागले. रानडे आणि भांडारकर दक्षिणा फेलो होते, म्हणजे त्यांना याच पैशातून विद्यावेतन मिळे. नाव दक्षिणाच राहिलं, दार तेवढं हललं. मला यात धर्म बुडाल्याचं काही दिसत नाही. उलट रयतेचा पैसा शंभराहून अधिक वर्षांनी थोडासा का होईना, रयतेच्या मुलींकडे परतला.

आता आजच्या रमण्याकडे येऊ. धर्मादाय, म्हणजे विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या, रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये ही योजना ठरवून दिली. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचं, हेही त्यात आहे. मी गेली काही वर्षं या खाटांसाठी लोकांचे कागद घेऊन हिंडतो. रमण्यातल्यासारखंच दार आहे, फक्त इथं विद्वत्ता नव्हे, गरिबी सिद्ध करायची. तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड. "खाट रिकामी नाही" हे वाक्य तर मी झोपेतही ओळखेन.

एक विश्वस्त मला म्हणाले, "सक्तीचं दान, हे दान कसलं हो?" माणूस सज्जन, प्रश्न मनापासूनचा. मी विचारलं, "कर माफ झाला, तो कुणी सोडला? काही ठिकाणी जमीन नाममात्र भाड्यानं मिळते, जादा चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा मिळते, ते कुणाचं?" त्यांनी चहा मागवला. विषय तिथंच थांबला, पण पुढच्या वेळी कागद लवकर हलले, हे प्रांजळपणे सांगायला हवं.

गेल्या वर्षी अशाच एका खाटेवरून एक आजी घरी निघाल्या. बिल शून्याचं. बिलाच्या खिडकीशी बसलेल्या पोराच्या पाया पडायला वाकल्या. ते पोर बिचारं खुर्चीतून उठून मागं सरकलं. मी आजींना धरलं आणि विचारलं, "आजी, तुमचा कांदा मार्केटात जायचा ना? पट्टीत धर्मादाय कापायचे?"

"कापायचे की. गोणीमागं. कधी चुकले न्हाईत."

"मग?"

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग फाइल पिशवीत घातली, पदर खोचला आणि म्हणाल्या, "लासलगावची गाडी कितीला हाय?"