पाण्याबाहेर आल्यावरचा चेहरा

श्रोतेहो, नमस्कार.

रिनेके डाइक्स्ट्रा या डच छायाचित्रकर्तीचा जन्म १९५९ सालचा. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१२ साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि २०१७ साली त्यांना छायाचित्रणासाठीचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. मात्र त्यांची खरी ओळख एका अपघातातून घडली, आणि तीच हकिगत मला आज सविस्तर सांगायची आहे.

त्या काळी डाइक्स्ट्रा नियतकालिकांसाठी व्यावसायिकांची छायाचित्रे काढत असत. समोर बसणारा माणूस आपला चेहरा आधीच ठरवून येई आणि छायाचित्रात तोच ठरवलेला चेहरा उमटे. या कामाचा त्यांना कंटाळा येऊ लागला होता. अशातच सायकलच्या अपघातात त्यांचे कमरेचे हाड मोडले. कित्येक महिने अंथरुणात काढल्यावर पायांत बळ यावे म्हणून त्या पोहू लागल्या. १९ जून १९९१ रोजी आम्सटरडॅमच्या मार्निक्सबाड तलावात अंगातले त्राण संपेपर्यंत फेऱ्या मारून त्या बाहेर आल्या आणि ओल्या अंगाने, पोहण्याच्या पोशाखातच, फरशीच्या भिंतीपुढे उभे राहून त्यांनी स्वतःचेच छायाचित्र काढले. त्यात हसू नाही, ऐट नाही आणि दुबळेपणाचे प्रदर्शनही नाही. पोझ घेण्याइतकी शक्तीच उरली नव्हती. श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो: पोझ घेण्याची शक्ती संपली, तेव्हा माणूस दिसला. पुढची सारी कारकीर्द या एका छायाचित्रातून निघाली.

पुढच्याच वर्षी त्या समुद्रकिनाऱ्यांवर गेल्या. तिपाईवरचा मोठा कॅमेरा, चार बाय पाच इंचांची एकेक सुटी फिल्म, त्यामुळे मांडामांड सावकाश चाले आणि समोरच्या मुलीला बराच वेळ नुसते उभे राहावे लागे. अमेरिकेत हिल्टन हेडच्या किनाऱ्यावरची नारिंगी बिकिनीतली मुलगी वाऱ्याने उडणारे केस सावरत सुंदर दिसण्याची धडपड करते आहे, आणि पोलंडमध्ये कोवोब्झेगच्या किनाऱ्यावरची हिरव्या पोशाखातली कृश मुलगी एका पायावर भार टाकून सहज उभी आहे. मला दुसरी अधिक भावते, पण पहिलीच्या धडपडीतली अगतिकता मी विसरू शकत नाही.

१९९४ साली त्यांनी नुकत्याच बाळंत झालेल्या तीन स्त्रियांची छायाचित्रे काढली: एक प्रसूतीनंतर तासाभराने, दुसरी एका दिवसाने, तिसरी आठवड्याने. तिघी भिंतीपुढे विवस्त्र किंवा जवळजवळ विवस्त्र उभ्या आहेत आणि बाळ छातीशी घट्ट धरले आहे. एकीच्या पायावरून रक्ताचा ओघळ आला आहे, तर दुसरीच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे. आपल्याकडे बारशाच्या छायाचित्रांत बाळंतीण भरजरी साडीत नटलेली असते. त्या हौसेला माझा विरोध नाही, परंतु तिच्या शरीराने काय सोसले याची एकही खूण घरच्या संग्रहात राहू नये, हे मला अन्यायाचे वाटते. डाइक्स्ट्रांनी ती खूण राखली, आणि या स्त्रिया केविलवाण्या न वाटता ताठ उभ्या दिसतात.

त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये विला फ्रांका द शिरा येथे, बैलाशी नुसत्या हातांनी झुंजून रिंगणाबाहेर आलेल्या तरुणांनाही त्यांनी असेच उभे केले. त्यांचे कपडे फाटलेले आहेत, चेहऱ्यांवर रक्त आहे आणि नजर त्या बाळंतिणींसारखीच थकलेली आहे. म्हणूनच, हळवेपणा हा केवळ बायकांचा गुण मानून या छायाचित्रांविषयी लिहिले जाते, ते मला मुळीच पटत नाही.