कूलंट कमी झालं, तर गेलं कुठे?

मंडळी, आज उदाहरणाला मी पोर्शे बॉक्स्टरच घेणार आहे, तीही पहिली, कंपनीच्या भाषेत ९८६, १९९६ ला आलेली आणि २००४ पर्यंत चाललेली, कारण सेकंडहँड स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक बऱ्याचदा हिच्यापाशीच येऊन थांबतात. लोटसवाले आणि टोयोटा एमआरटूवाले नाराज होऊ नका, इंजिन सीटच्या मागे गेलं की दुखणी थोड्याफार फरकाने तीच.

आधी पाणी, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट, असतं कुठे ते बघू. नवीन मालक बोनेट उघडतो तर आत इंजिन नाहीच, सामान ठेवायची जागा. मग मागची डिकी उघडतो, तिथेही इंजिन दिसत नाही, ते मधे, सीटच्या पाठीमागे झाकलेलं असतं, पण डिकीतच कूलंट आणि तेल टाकायची दोन तोंडं शेजारी शेजारी असतात. टोपणावरचं चित्र नीट बघून उघडा हो, घाईत तेलाच्या तोंडात कूलंट ओतणारे लोक असतात आणि मग तो खर्च ऐकवत नाही. आता गंमत अशी की टाकी मागे, इंजिन मधे, आणि रेडिएटर पार पुढे, पुढच्या चाकांच्या समोर दोन बाजूंना दोन, एस मॉडेलला मधे तिसरा पण. म्हणजे पाणी गाडीच्या पोटाखालून पाइपमधून पुढे जाणार, थंड होऊन परत मागे येणार. आपल्या छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण ४-५ लिटर कूलंट असतं, इथे १५ लिटरच्या वर.

तुम्ही म्हणाल एवढा खटाटोप कशाला, पोर्शे तर हवेवर इंजिन थंड करत होते. करत होतेच, त्यांची ९११ तर १९९८ पर्यंत एअर-कूल्डच होती. पण एकेका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे म्हटलं की हेडमधली, म्हणजे सिलिंडरच्या टोकाला बसवलेल्या भागातली, उष्णता नुसत्या हवेने निघता निघत नाही, त्यात आवाजाचे आणि धुराचे नियम कडक झाले. १९८६ च्या ९५९ ह्या गाडीत तर त्यांनी मधला मार्ग काढला होता, सिलिंडर हवेवर आणि हेड पाण्यावर. मग बॉक्स्टरपासून सगळंच पाण्यावर गेलं. जुने एअर-कूल्डवाले अजून हळहळतात, मला विचाराल तर ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं असेल तर पाणीच बरं.

बरं, लेव्हल. गाडी सपाट जागेवर आणि इंजिन गार. गार म्हणजे ऑफिसातून येऊन चहा पिऊन खाली आलो तेवढं नाही, रात्रभर उभी असलेली. गरम कूलंट फुगतं, लेव्हल वर दिसते आणि तुम्ही खूश होता. टाकीवर मिन आणि मॅक्सच्या खुणा आहेत, लेव्हल त्यांच्या मधे हवी. पण २० वर्षांची टाकी आतून पिवळट तपकिरी झालेली असते, आणि जुन्या कूलंटचा एक डाग आडवा बसलेला असतो तो डोळ्यांना थेट लेव्हलच वाटतो. म्हणून टॉर्च मारा आणि दुसऱ्याला सांगा गाडी जरा हलव. हलतं ते कूलंट, हलत नाही तो डाग. साधी गोष्ट आहे पण शोरूमसारखी पुसलेली गाडी विकायला आलेली असते ना, तेव्हा हे करून बघाच.

आणि मॅक्सच्या वर भरू नका. जास्तीचं गरम झाल्यावर टोपणातून बाहेर पडतं आणि मग तुम्हीच लीक आहे म्हणून गॅरेज गाठता.

आता मुद्द्याचं. कूलंटची सिस्टिम बंदिस्त असते. पेट्रोलसारखं ते खर्च होत नाही. त्यामुळे एखादा मेकॅनिक जर म्हणाला की साहेब ह्या गाड्यांना महिन्याला अर्धा लिटर लागतंच, नॉर्मल आहे, तर हसून पैसे द्या आणि दुसरं गॅरेज शोधा. टॉप-अप करण्यात वाईट काही नाही, पण टॉप-अप केल्यावर टाकीवर मार्करने रेघ मारा, तारीख लिहा, आणि दर रविवारी सकाळी बघा. रेघेखाली गेलं म्हणजे कुठेतरी जातंय. ह्या गाडीत तर १५ लिटरमधून थेंब थेंब जात असतं, त्यामुळे लक्षात येईपर्यंत बराच उशीर होतो. डॅशबोर्डवर टेंपरेचरच्या मीटरमधला लाइट हळू हळू लुकलुकायला लागला तर ती लेव्हल कमी झाल्याची खूण, पण तिथपर्यंत वेळ येऊच नये.

कुठे जातं? ह्या मॉडेलला पहिला संशय टाकीवरच घ्यायचा, प्लॅस्टिकची आहे, मागच्या बाजूने तडा जातो जिथे तुमची नजर पोचत नाही. डिकीचं कार्पेट उचलून हात फिरवा, ओलसर चिकट लागलं आणि गोडसर वास आला की झालं. दुसरं टोपण. ह्याच्या टोपणाचं डिझाइन पोर्शेने मागाहून बदललं, पार्ट नंबरच्या शेवटी ०४ असलेलं घ्या, जुनं असेल तर विचार न करता बदला, सगळ्यात स्वस्त इलाज तोच. मग वॉटर पंप, त्याला खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की तिथून ठिबकतं. त्याच पंपातला पंखा प्लॅस्टिकचा, त्याची पाती तुटून तुकडे पाण्याच्या वाटेत फिरतात, म्हणून पंप आवाज करायला लागला की चालढकल करू नका. मग होजच्या क्लिपा, रेडिएटरचा तळ. वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा गुलाबी थर बसलेला असतो, तो शोधायचा.

बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी कमी होतंय, तर मग आत जातंय. तेलाच्या टोपणाखाली दुधी फेस, एक्झॉस्टमधून गोड वासाचा पांढरा धूर, इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे. एक केमिकल टेस्ट मिळते, निळं लिक्विड टाकीच्या तोंडावर धरायचं, इंजिनातला जळका वायू त्यात आला की पिवळं पडतं. इंजिन खोलायच्या आधी ही टेस्ट करून घ्याच.

टोपणाला मी एवढं महत्त्व का देतो, तर ते नुसतं झाकण नाही, कुकरची शिट्टी आहे ती. साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं, त्यावर १ बार जादा प्रेशर दिलं की १२० ला. अर्धं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य द्रव्य, मिसळलं की अजून वर. टोपण प्रेशर धरत नसेल तर लेव्हल बरोबर असूनही घाटात उकळणार.

अर्धं कूलंट अर्धं पाणी का, हा प्रश्न मला दर वेळी येतो, की सर कूलंट पाणी गोठू नये म्हणून, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, नुसतं पाणी चालेल ना. अहो, कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, तुमचं इंजिन अॅल्युमिनियमचं आहे, नुसत्या पाण्यात ते खाऊन जातं. बोअरचं पाणी तर नकोच, त्यातला क्षार आत बसतो. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वापरा. आणि उलट टोक पण नको, नुसतं कूलंट घट्ट भरलं की भारी, असं नाही, कारण उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं. रेसिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी ग्लायकॉलला बंदी असते, ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरतो, तिथे पाणी आणि गंजरोधक अॅडिटिव्हवर चालवतात, पण ते लोक वारंवार बदलतात पण. रंगावर जाऊ नका, हिरवा गुलाबी निळा ह्याला काही सगळ्यांचा मिळून नियम नाही, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन जुळवा. भलतं मिसळलं तर कधी कधी आत चिखल होतो.

हवा काढणं हा वेगळाच ताप. पाइप लांब, त्यामुळे कूलंट बदललं की आत हवा अडकते, लेव्हल फुल दिसते आणि पुढच्या फेरीत धाडकन खाली येते. टोपणाजवळ तारेची कडी असलेला एक छोटा व्हॉल्व्ह आहे, तो उचलून इंजिन गरम होऊ द्यायचं, लेव्हल बघत भरत राहायचं. त्यापेक्षा ज्याच्याकडे व्हॅक्यूमने भरायचं टूल आहे अशा गॅरेजला जा. तिथे आधी सिस्टिममधली हवा ओढून घेतात आणि मग कूलंट आपोआप आत खेचलं जातं.

पुढच्या बंपरच्या जाळ्यांतून आत बघा, एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे वाळलेली पानं, प्लॅस्टिक, किडे असं गच्च भरलेलं असतं. पावसात ते कुजून धातू खातं. आणि एसी लावून पुढे कान द्या, दोन्ही बाजूंचे फॅन फिरायला हवेत. हायवेला एक बंद असला तरी कळत नाही, खंडाळ्याच्या जॅममध्ये कळतं.

मागून कोणीतरी विचारताय, टेंपरेचरचा काटा वर गेला तर काय. एक तर काट्यावर फार विसंबू नका, तो ८० वर दाखवत असताना ओबीडी, म्हणजे गाडीच्या कंप्युटरला जोडायचं यंत्र, लावलं तर खरं टेंपरेचर पुष्कळदा ९० च्या पुढे निघतं. आणि पाणी पूर्ण गेलं असेल तर सेन्सर नुसत्या वाफेत लटकतो, काटा उलट खाली पण येऊ शकतो, तेव्हा खाली आला म्हणून सुटलो असं समजू नका. एसी बंद, हीटर फुल, घामाघूम व्हा पण बाजूला थांबेपर्यंत चालू ठेवा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. मग इंजिन बंद. टोपणाला हात लावायचा नाही, बोटांनी नाही, फडक्याने नाही, तास गेला तरी चालेल. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. पूर्ण गार झाल्यावर टपरीवरची पाण्याची बाटली ओतली तरी चालेल, त्या वेळी बोअरचं का डिस्टिल्ड विचारत बसू नका, घरी आल्यावर सगळं काढून नीट भरून घ्या. काढलेलं कूलंट मात्र गटारात किंवा सोसायटीच्या झाडात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्री मांजरं पितात आणि मरतात. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

चला, खाली पार्किंगमध्ये एक बॉक्स्टर आहे, कालपासून चालू केलेली नाही, टॉर्च मी आणलाय. चार-चार जण या, डिकीपाशी गर्दी करू नका.