बंद पडल्यावरच तपासायची गाडी

(दृश्य: इंदूर, रामबाग. चैत्रातली सकाळ. ओसरीलगत उभी करडी फियाट ११००.)

चोक ओढला, सेल्फ मारला. दुसऱ्या घरघरीला गाडी चालू. १९६४ सालची, मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, १०८९ सीसी.

पन्नास वर्षांवरच्या गाड्या व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय २०२१ च्या नियमांनी झाली. पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणून आजोबा त्या फंदात पडलेले नाहीत. त्यांना भाजी आणायची असते.

दुखणं सुरू होतं ते राजवाड्याच्या आसपास. वीसेक मिनिटं नीट चालते, मग आचके देते आणि गप्प. दहा मिनिटं थांबा, पुन्हा चालू. सगळ्यांचं निदान एकच: "गरम होतेय." दोनदा कार्ब्युरेटर उघडून झाला, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी कंपनीच्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदाही बदलला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर फुगतं, हे खरंच. पण दुखणं तिथं नव्हतं.

मिस्त्रीकाका म्हणाले, "दादा, गॅरेजात आणू नका. मीच बसतो गाडीत." सोबत घेतलं एक पक्कड, रिकामी बाटली आणि ओलं फडकं.

(दृश्य: कृष्णपुरा छत्रीजवळ. गाडी बंद. मागून हॉर्न.)

आधी करंट. पेट्रोलचा पाइप उघडायच्या आत हे उरकायचं, नाहीतर ठिणगी आणि पेट्रोलची गाठ पडायची. ठिणगीला जोर देणाऱ्या कॉइलची जाड वायर, प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली, सेल्फ मारला. चट्! निळी, जाड ठिणगी. ठिणगी जोरकस ठेवणारा कंडेन्सर तापून दगा देत असता, तर ती पिवळट, मरतुकडी पडली असती. करंट सुटला संशयातून.

मग कॉइलची बारीक वायर काढून ठेवली. आता ठिणगीच पडणार नाही. कार्ब्युरेटरचा पाइप सोडवून बाटलीत घातला. सेल्फ. बाटली कोरडी.

म्हणजे पेट्रोल चढत नाही. उन्हानं पाइपात वाफ धरली असेल, तर पंप गार केल्यावर ते चढायला हवं. ओलं फडकं पंपावर ठेवलं, दोन मिनिटं थांबले, पुन्हा सेल्फ. काही नाही.

काका मागे गेले. टाकीचं झाकण फिरवलं.

(आवाज: स्स्स…)

टाकीनं लांब श्वास घेतला. पुन्हा सेल्फ, आणि चारपाच फेऱ्यांत बाटलीत पेट्रोलची पिचकारी.

पंप जेवढं पेट्रोल ओढतो, तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती यायची वाट झाकणातल्या बारीक भोकातून. हे झाकण नवं, दोन महिन्यांपूर्वी घेतलेलं, चकचकीत आणि बिनभोकाचं. आत निर्वात होत गेलं की पंपाची ताकद अपुरी पडते. गाडी उभी राहिली की फटींतून हळूहळू हवा झिरपते, म्हणून दहा मिनिटांनी ती पुन्हा चालू व्हायची. दोन महिने सगळे त्याला इंजिन गार होणं समजत होते. सकाळी गॅरेजात नेलेल्या गाडीत हे सापडणार तरी कसं? तिथं तिला काही झालेलंच नसायचं.

आजोबांनी घरी फोन लावला. "अगं, ते जुनं झाकण फेकलंस का?"

आजींनी फेकलं नव्हतं. खिळ्यांच्या डब्यात होतं.