बर्फाने कोरलेली खाडी

श्रोतेहो, नमस्कार. जयगडच्या खाडीकाठी लहानाचा मोठा झालेला माणूस अलास्कात गेला, तरी समोरचे पाणी पाहून त्याच्या तोंडून 'ही तर खाडीच' असेच निघणार. माझेही तसेच झाले. स्वयंपाकघर आणि बिछाने पोटात घेऊन फिरणारी मोटारहोम भाड्याने घेऊन आम्ही उभयता अँकरेजहून सुमारे 200 किलोमीटरवरच्या सेवर्ड या बंदराला पोहोचलो आणि सकाळी केनाई फिओर्ड्स राष्ट्रीय उद्यानाची बोट धरली. डब्यात कुळथाची पिठी आणि भात होता, आणि त्या गारठ्यात त्याहून चांगले काही मला तरी सुचले नसते.

शास्त्री नदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरला आणि आपली जयगडची खाडी झाली. तिकडे दरी कोरण्याचे काम हिमनद्यांनी केले, म्हणून काठ भिंतीसारखे उभे आणि पाणी काठालगतच कित्येक वाव खोल. हिमनदीच्या जवळ मात्र तेच पाणी दुधी होते, कारण बर्फाखाली दळलेल्या खडकाचे पीठ त्यात मिसळलेले असते.

वाटेत समुद्री पाणमांजरे पाठीवर पडून तरंगत होती. देवमाशांच्या अंगावर असतो तसा चरबीचा जाड थर त्यांच्या अंगावर नसतो. सारी भिस्त दाट केसांवर. पुढे कुबड्या देवमाशाची शेपटी दिसली. तिथे उन्हाळ्यात दिसणारे यांतले बरेच देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात जातात. आपल्या अरबी समुद्रातले त्यांचे भाऊबंद मात्र असे दूरदेशी न जाता बारा महिने इथेच राहतात.

आयालिक हिमनदीसमोर बोटीचे इंजिन बंद झाले, तेव्हा फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फातून येऊ लागला. बर्फात कोंडलेली जुनी हवा फुटून बाहेर पडत होती. मग निळ्या कड्याचा एक भाग सुटून कोसळताना दिसला आणि गडगडाट मागाहून आला.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, कारण ऊन अजून चांगलेच होते, आम्ही गाडी घेऊन एक्झिट हिमनदीकडे गेलो. हिमनदीची कड कोणत्या साली कुठवर होती, ते सांगणाऱ्या पाट्या तिथे लावल्या आहेत: 1917, 1926, 1951. या शेवटच्या पाटीजवळ सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, पण बर्फ कुठे आहे?" मी वर डोंगराकडे बोट दाखवले. तिथवरची वाट आम्ही चढलो खरी, पण वाट संपली तेव्हाही बर्फ हाताच्या अंतरावर आलेला नव्हता.