नऊ सामने, नऊ विजय, आणि बोलावणं एकही नाही

नमस्कार. आज फुटबॉल. थांबा, मेस्सीवाला नव्हे. अमेरिकेचा फुटबॉल, ज्यात चेंडू लांबट असतो आणि पायापेक्षा हातातच जास्त वेळ असतो. नियम येत नसले तरी चालेल, मलाही बरीच वर्षं कळत नव्हते. आजच्यापुरतं एवढंच लक्षात ठेवा: चेंडू घेऊन समोरच्याच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे 6 गुण.

आता चला 1951 च्या सॅन फ्रान्सिस्कोत. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, जेझुइट पाद्र्यांनी 1855 मध्ये सुरू केलेलं लहानसं विद्यापीठ. संघाचं नाव डॉन्स. घरचे सामने केझार स्टेडियमवर. त्याच मैदानावर फोर्टीनाइनर्स हा शहराचा व्यावसायिक संघही खेळायचा, म्हणजे तिकिटाचे पैसे मोजणारा प्रेक्षक आधीच वाटला गेलेला. विद्यापीठाची तिजोरी फुटबॉलपायी दरवर्षी हलकी होत होती. हे आत्ता कानाआड करू नका, पुढे लागणार आहे.

प्रशिक्षक जो कुहारिक. कडक माणूस, सरावात पोरांचा घाम नाही, जीव काढायचा. आणि पोरं तरी कसली! जीनो मार्केटी अठराव्या वर्षी दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत लढून आलेला. कॉलेजात आला तो चामडी जॅकेट घालून, मोटरसायकलवर. बॉब सेंट क्लेअर 6 फूट 9 इंच उंच, आणि मांस कच्चंच खायचा. खरंच, शिजवलेलं त्याला आवडायचं नाही. त्याच्या शेजारी बसून जेवायचं म्हणजे तेही एक शौर्यच असणार.

पण या गोष्टीचे मुख्य दोघं वेगळे. ऑली मॅटसन, चेंडू घेऊन पळणारा. आणि बर्ल टोलर, समोरून पळत येणाऱ्याला आडवा करणारा. मॅटसनचा जन्म टेक्ससचा, टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोघंही दक्षिणेतले, दोघंही कृष्णवर्णीय. संघात कृष्णवर्णीय खेळाडू हे दोनच.

मोसम सुरू झाला आणि एकेक संघ लोळत गेला. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमशी खेळले, तो सामना मात्र अटीतटीचा, 32–26. त्यात मॅटसनने काय केलं बघा. समोरच्याने चेंडू लांब लाथाडून खेळ सुरू केला, मॅटसनने तो आपल्या टोकाशी झेलला आणि सगळं मैदान पळून जाऊन टचडाउन केलं. एकदा नाही, त्याच सामन्यात दोनदा! हे एका मोसमात दोनदा झालं तरी लोक वर्षभर बोलत बसतात. मोसम संपला तेव्हा चेंडू घेऊन पळालेले 1,566 यार्ड त्याच्या नावावर होते, त्या वर्षी देशात सर्वांत जास्त.

17 नोव्हेंबरला स्टॉक्टन गावी कॉलेज ऑफ पॅसिफिकला 47–14 ने धुतलं. मग पॅसाडिनाच्या रोझ बाउल मैदानावर लोयोलाला 20–2. नऊपैकी नऊ. हार नाही, बरोबरीही नाही.

इथे ‘बाउल’ म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये उपांत्य फेरी, अंतिम फेरी असलं काही नव्हतं. मोसम संपला की नववर्षाच्या सुमारास काही शहरांत मोठे सामने व्हायचे: मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाउल, जॅक्सनविलला गेटर बाउल. ते भरवायचे गावातले व्यापारी, हॉटेलवाले, प्रतिष्ठित मंडळी. कुणाला बोलवायचं हे त्यांची समिती ठरवणार. जत्रेची पंचकमिटी समजा, पैलवान कोण ते कमिटीच सांगणार. जो संघ गेला त्याच्या कॉलेजला घसघशीत रक्कम मिळायची. डॉन्सना ती रक्कम किती हवी होती ते तुम्हाला माहीत आहे.

आणि ही तिन्ही शहरं दक्षिणेतली. तिथे तेव्हा कायद्यानेच गोऱ्यांची शाळा वेगळी, बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळसुद्धा वेगळा. मैदान कसं एक असेल?

निरोप आला तो असा: या, पण मॅटसन आणि टोलरला घरी ठेवून या.

आता इथे कुणालाही वाटेल की खोलीत मोठी चर्चा झाली असेल, कुणीतरी भाषण ठोकलं असेल, मग हात वर करून मतदान. यातलं काही झालं नाही. पुढे म्हातारपणी या खेळाडूंनी पुन्हा पुन्हा सांगितलं की ठरवायला काही नव्हतंच. नाही म्हणाले आणि विषय संपला. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात आवडतं. बाउलवाल्यांकडून जाहीरपणे कारण दिलं गेलं ते वेगळंच: तुमचे प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणे. पण दक्षिणेतले बाउल कृष्णवर्णीय खेळाडू असलेले संघ टाळतात, हे एका रेडिओ समालोचकाने तेव्हाच उघड सांगितलं होतं.

1952 च्या ऑरेंज बाउलला जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले. डॉन्स घरी बसले. आणि त्याच सुमारास विद्यापीठाने जाहीर केलं की फुटबॉल परवडत नाही, संघ बंद. नऊच्या नऊ सामने जिंकलेला संघ, पुढच्या मोसमात अस्तित्वातच नाही!

पोरं मात्र पांगली ती थेट वर गेली. या एका संघातले नऊ जण व्यावसायिक लीगमध्ये खेळले. मार्केटी, मॅटसन आणि सेंट क्लेअर असे तिघं हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्यातले मार्केटी आणि मॅटसन तर एकाच वर्षी, 1972 ला. मॅटसनने त्याआधी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 400 मीटरला कांस्य आणि रिलेत रौप्यही आणलं. चेंडू नसतानाही तो तेवढाच पळायचा.

टोलरचं नशीब वेगळं. संघातले बरेच जण त्यालाच सगळ्यांत उत्तम खेळाडू मानायचे. 1952 च्या उन्हाळ्यात कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना न खेळता कारकीर्द संपली. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका शाळेचा मुख्याध्यापक झाला. आणि 1965 मध्ये व्यावसायिक लीगने त्याला सामनाधिकारी म्हणून घेतलं. त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी. आठवडाभर शाळा, रविवारी शिट्टी.

एक माणूस सांगायचा राहिला. 1951 मध्ये या संघाच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून याव्यात म्हणून धडपडणारा विद्यापीठाचा तरुण प्रसिद्धी अधिकारी. त्याचं नाव पीट रोझेल. पुढे तो रॅम्स या व्यावसायिक संघाचा कारभारी झाला आणि 1959 मध्ये त्याने एकट्या मॅटसनला घेण्यासाठी खेळाडू आणि नवे खेळाडू निवडण्याचे हक्क मिळून नऊ मोजले. दुसऱ्याच वर्षी तो सगळ्या लीगचा आयुक्त झाला, आणि 1989 पर्यंत राहिला. टोलरच्या हाती शिट्टी आली ती त्याच्याच काळात.

20 जानेवारी 1980. सुपर बाउल, लीगचा वर्षातला सर्वांत मोठा सामना. स्टीलर्स विरुद्ध रॅम्स, मैदानात 1,03,985 प्रेक्षक. आयुक्त रोझेल. आणि मैदानात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून बर्ल टोलर, सुपर बाउलमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी. मैदान होतं पॅसाडिनाचं रोझ बाउल. डॉन्स शेवटचा सामना जिंकले, तेच.